कोर्ट लाइन : ल्यूटनच्या रंगीत विमानांचा इतिहास

कोर्ट लाइन हे नाव मुळात जहाजांचे. फिलिप हाल्डिनस्टाइन यांनी १९०५ मध्ये लंडनमध्ये जहाजांचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या बोटींच्या नावांच्या शेवटी 'कोर्ट' असे, आणि पुढे कंपनीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. या बोटी मालवाहू होत्या. त्यांना ठरलेला मार्ग नव्हता की वेळापत्रक नव्हते. ज्याच्याकडे माल असेल त्याने बोट भाड्याने घ्यायची आणि तो सांगेल त्या बंदराला बोटीने जायचे. बोट रिकामी उभी राहिली की मालकाला खर्च, भरून फिरत राहिली की मिळकत. साठ वर्षे हा धंदा केलेल्या मंडळींनी १९६५ मध्ये एक छोटी विमान कंपनी विकत घेतली, तेव्हा आपण काही फार वेगळ्या वाटेला लागलो आहोत असे त्यांना वाटले नसावे. सहलीची विमानेही अशीच भाड्याने चालत.

या कंपनीची विमाने १५ ऑगस्ट १९७४ रोजी कायमची थांबली. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. पर्यटन व्यवसायातल्या मंडळींनी काढलेल्या या स्मरणिकेत एका परदेशी कंपनीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काहींना पडेल. आपल्या सगळ्यांचा व्यवसाय प्रवाशाने आधी भरलेल्या पैशावर चालतो. त्या पैशाला पाय फुटले की काय होते, हे कोर्ट लाइनच्या इतिहासात जितके लख्ख दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्या कंपनीने केलेले चांगले कामही विसरण्यासारखे नाही. म्हणून तो इतिहास इथे तपशिलाने दिला आहे.

युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये परदेशातली सुट्टी ही श्रीमंतांची गोष्ट होती. सामान्य माणूस उन्हाळ्यात आपल्याच किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलसारख्या गावी जायचा आणि बहुधा पाऊस पाहून परतायचा. मे १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ या तरुणाने डाकोटा विमान भाड्याने घेऊन काही प्रवासी कॉर्सिका बेटावरच्या काल्वीला नेले. विमानभाडे, तंबूतला मुक्काम, जेवण सगळे धरून दर ३२ पौंड १० शिलिंग. सरकारने परवानगी दिली ती फक्त शिक्षक आणि विद्यार्थी नेण्याची, कारण सरकारी विमान कंपनीचे गिऱ्हाईक पळता कामा नये. राइट्झच्या कंपनीचे नाव होरायझन. पुढे या इतिहासात ती पुन्हा येईल.

सरकारी कंपनीला सांभाळण्याचे हे धोरण पुढची वीस वर्षे टिकले. सहलीचा एकूण दर, म्हणजे हॉटेल आणि जेवणासह, त्या गावच्या नेहमीच्या विमानाच्या परतीच्या तिकिटापेक्षा कमी असता कामा नये, असा नियमच होता. त्यात १९६६ पासून परकीय चलनावर बंधन आले. ब्रिटिश माणसाला सुट्टीसाठी वर्षाला ५० पौंडांपेक्षा जास्त रक्कम देशाबाहेर नेता येईना. या बंधनाने परदेश सहली बंद पडतील असे वाटले होते, पण उलटच झाले. स्वतःच्या स्वतः हिंडणाऱ्याला ५० पौंड पुरेनात, तर सगळा खर्च आधीच धरलेली सहल घेणाऱ्याचे भागू लागले, कारण त्यातले विमानभाडे मायदेशीच आणि पौंडातच भरता येई. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या किनाऱ्याकडे जो लोंढा लागला त्याला या नियमाचाही हातभार होता.

कोर्ट लाइनने विकत घेतलेली ती छोटी विमान कंपनी म्हणजे ऑटेअर. ती बिल आर्मस्ट्राँग यांनी १९५३ मध्ये हेलिकॉप्टरच्या कामांसाठी काढली होती. १९६० मध्ये तिने लंडनच्या उत्तरेला ल्यूटन इथे विमानांचा व्यवसाय सुरू केला, आधी डाकोटा, मग व्हायकिंग, मग अॅम्बॅसेडर. सगळी दुसऱ्यांनी वापरून टाकलेली पंख्यांची विमाने. १९६३ पासून ब्लॅकपूल वगैरे ठिकाणी तिच्या नियमित देशांतर्गत फेऱ्याही होत्या. त्यांत पैसा नव्हता. कोर्ट लाइनने कंपनी घेतल्यावर चार वर्षांनी, १९६९ च्या अखेरीस, त्या बंद केल्या. मालकांनी हिशेब मांडला होता. नियमित फेरीच्या विमानाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी वेळेवर निघावेच लागते. सहलीचे विमान टूर कंपनी संपूर्ण भाड्याने घेते आणि खुर्च्या भरण्याची चिंता तिची असते.

याआधीच १९६८ मध्ये ऑटेअरकडे बीएसी वन-इलेव्हन ही ब्रिटिश बनावटीची जेट विमाने आली होती. १ जानेवारी १९७० रोजी कंपनीचे नाव बदलून कोर्ट लाइन एव्हिएशन झाले आणि तिने आपले रूपही पार बदलले.

तेव्हाची विमाने बहुतेक पांढरी किंवा चंदेरी असत, कडेने एक पट्टा. कोर्ट लाइनने पीटर मर्डॉक या रचनाकाराला बोलावले. त्याने एकेका विमानाला एकेक रंग दिला आणि त्या रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंतच्या छटा अंगभर फिरवल्या. एक गुलाबी, एक नारिंगी, एक जांभळे, एक निळसर हिरवे. ढगाळ ल्यूटनच्या धावपट्टीवर ही विमाने ओळीने उभी राहिली की माणसाची सुट्टी तिथूनच सुरू होई. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे मोटार कारखान्यातले कामगार, टोप्यांच्या गिरणीतल्या बाया, दुकानातले नोकर हेच तिचे प्रवासी होते. साहेबांच्या विमानातून आपल्याला उपकार म्हणून नेले जाते आहे, असे या माणसांना वाटू न देणे, हे माझ्या मते कोर्ट लाइनचे सर्वांत मोठे काम. स्वस्त गोष्ट देखणी असू शकते हे तिने दाखवले. आज जगभरच्या स्वस्त विमान कंपन्या भडक रंग मिरवतात, त्या वाटेवर कोर्ट लाइन खूप आधी चालून गेली होती.

रंगाच्या आत काटेकोर हिशेब होता. वन-इलेव्हनच्या लांब आवृत्तीत कोर्ट लाइनने ११९ खुर्च्या बसवल्या. त्या बसाव्यात म्हणून स्वयंपाकघराची जागा काढून घेतली आणि जेवण समोरच्या खुर्चीच्या पाठीत आणून ठेवले. त्या पाठीत दोन कप्पे असत. एकात जाणाऱ्या प्रवाशाचे थंड जेवण, दुसऱ्यात त्याच विमानाने परत येणाऱ्याचे. दुसरा कप्पा कुलूपबंद असे. ल्यूटनला एकदा भरले की परदेशातल्या विमानतळावर जेवण चढवण्यात ना वेळ जाई ना पैसा. काही प्रवासी कुलूप उचकटून दोन्ही जेवणे संपवत आणि परतीचा कोणीतरी उपाशी राही, हेही खरे. पण विमान जमिनीवर उभे राहण्याचा वेळ वाचे आणि या धंद्यात वेळ हाच नफा होता.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण पुढच्या घसरणीचे मूळ इथे आहे. सहलीच्या विमानाचे भाडे कमी ठेवायचे तर ते दिवसरात्र उडत राहिले पाहिजे आणि जवळजवळ पूर्ण भरले पाहिजे. पहाटे पाल्मा, दुपारी अलिकांते, मध्यरात्री जिरोना, असे उन्हाळ्याच्या महिन्यांत विमान थांबतच नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ते भरून जाते आणि रिकामे परतते, शेवटच्या आठवड्यात रिकामे जाते आणि भरून आणते. ही दोन टोके पोटात घालून मधल्या फेऱ्यांवर कमवायचे. हिवाळ्यात मात्र विमाने तीच, हप्ते तेच, पगार तेच आणि प्रवासी फार थोडे. अशा व्यवसायाला वर्षानुवर्षे खात्रीने विमाने भाड्याने घेणारा एक मोठा गिऱ्हाईक लागतो. कोर्ट लाइनला तो मिळाला. त्याचे नाव क्लार्कसन्स.

क्लार्कसन्सही जहाजांच्या व्यवसायातल्याच एका समूहाची कंपनी. हॉलंडच्या ट्यूलिपच्या शेतांची एका दिवसाची सहल काढून तिने सुरुवात केली. सहलींचा कारभार टॉम गलिक या माजी नौदल अधिकाऱ्याच्या हाती होता. गलिक यांनी ओळखले की सगळे गणित संख्येत आहे. पूर्ण विमान घ्यायचे, पूर्ण हॉटेल घ्यायचे, एकही खुर्ची आणि एकही खाट मोकळी राहू द्यायची नाही, मग दर इतका खाली आणता येतो की दुसऱ्या कोणाला परवडू नये. बेनिडॉर्मसारख्या मासेमारीच्या गावात पुरेशी हॉटेलेच नव्हती, तर त्यांनी हॉटेलवाल्यांना बांधकामासाठी आगाऊ पैसे दिले. बेनिडॉर्मच्या किनाऱ्यावर आज दिसणाऱ्या उंच इमारतींच्या रांगेत क्लार्कसन्सच्या पैशाचा वाटा आहे. काही वर्षांत ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी सहल कंपनी झाली आणि तिचे प्रवासी मुख्यतः कोर्ट लाइनच्या रंगीत विमानांतून जाऊ लागले. दोघींमध्ये दीर्घ मुदतीचा करार झाला. त्या भरवशावर कोर्ट लाइनने नवी विमाने घेतली.

ल्यूटन गावाला याचा जो लाभ झाला तो मोठा होता. विमानतळ नगरपालिकेच्या मालकीचा. १९७२ च्या सुमारास देशातल्या सहलीच्या उड्डाणांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तिथून सुटत होता आणि तो देशातला सर्वांत फायदेशीर विमानतळ समजला जात होता. कोर्ट लाइन, ब्रिटानिया आणि १९६८ पासून मोनार्क, अशा तीन सहल विमान कंपन्यांचे ते घर होते. गावातल्या तरुणांना व्हॉक्सहॉलच्या मोटार कारखान्याखेरीज नोकरीची दुसरी वाट मिळाली.

पण क्लार्कसन्स दराच्या चढाओढीत अडकली होती. समोर थॉमसन ही तितकीच हट्टी कंपनी, तिच्या मालकीची ब्रिटानिया. दर बांधून ठेवणारा जुना नियम सरकारने १९७० नंतर सैल केला आणि मग काढूनच टाकला, तशी ही चढाओढ उघडी झाली. एकीने दर उतरवला की दुसरीने आणखी उतरवायचा. गिऱ्हाइकांची संख्या वाढत होती, प्रत्येक गिऱ्हाइकामागे तोटाही वाढत होता. क्लार्कसन्सने संख्येला यश मानले, ही तिची चूक. त्या काळातल्या अनेकांची ती होती. तिच्या मूळ मालकांना हे झेपेना, आणि एप्रिल १९७३ मध्ये ती कोर्ट लाइनने नाममात्र किमतीला ताब्यात घेतली.

कोर्ट लाइनने हे का केले? क्लार्कसन्स बुडाली असती तर कोर्ट लाइनची विमाने भरणारा कोणी उरला नसता. आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला वाचवल्याशिवाय आपण वाचत नाही, असा तो विचार. त्यात तर्क होता. पण भाडे घेणारा आणि भाडे देणारा एकच झाला की बाहेरून येणारा पैसा फक्त प्रवाशाचा उरतो. क्लार्कसन्सचा तोटा आधी दुसऱ्याच्या वहीत होता, तो आता कोर्ट लाइनच्या वहीत आला. माझ्या मते कंपनीचा शेवट त्या एप्रिलमध्येच ठरला. त्यानंतर आलेल्या संकटांनी तो जवळ आणला एवढेच.

योगायोग असा की त्याच महिन्यात कंपनीच्या वैभवाचा कळस दिसत होता. लॉकहीड ट्रायस्टार हे तेव्हाचे अत्यंत आधुनिक रुंद विमान युरोपात सर्वप्रथम कोर्ट लाइनने आणले. दोन ट्रायस्टार, नावे 'हॅल्सियन डेज' आणि 'हॅल्सियन ब्रीझ', प्रत्येकी ४०० खुर्च्या, इंजिने रोल्स-रॉइसची. सरकारी कंपनीच्याही आधी एका सहल कंपनीने ते विमान उडवले, याचा ल्यूटनला सार्थ अभिमान होता. मात्र ४०० खुर्च्या भरायच्या म्हणजे वन-इलेव्हनच्या तीन विमानांहून अधिक प्रवासी एका वेळी हवेत. भर जुलैत ते मिळत. नोव्हेंबरात कुठून मिळणार?

कंपनीचे याशिवायही हात-पाय पसरलेले होते. १९७१ मध्ये तिने कॅरिबियन बेटांमधल्या लिआट या विमान कंपनीचा ७५ टक्के हिस्सा घेतला होता. अँटिग्वा आणि सेंट लुशियात तिची हॉटेले होती. ब्रिटिश प्रवाशाला हिवाळ्यात तिकडे न्यायचे आणि रिकाम्या महिन्यांत ट्रायस्टार भरायचे, ही कल्पना चांगली होती, पण ती रुजायला जो वेळ लागतो तो मिळाला नाही. इकडे मूळच्या जहाज व्यवसायात तिने जहाजबांधणीचे कारखाने घेतले होते, त्यांत संडरलंडचे मोठे. सगळ्यांत उसना पैसा.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव चौपट झाला. सहलीचे दर आधीच्या वर्षी छापून झालेले, गिऱ्हाइकांनी बुकिंग केलेले. पाठोपाठ ब्रिटनमध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांचा संघर्ष सुरू झाला. वीज वाचवण्यासाठी १९७४ च्या जानेवारीपासून कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज देण्यात आली. ज्यांना सुट्टीला न्यायचे तेच कामगार अर्ध्या पगारावर घरी बसले. सहलींची बुकिंग नेमकी जानेवारीत होतात, त्या जानेवारीत ती झाली नाहीत. त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, कोर्ट लाइनने राइट्झने उभी केलेली होरायझनही ताब्यात घेतली. आणखी प्रवासी मिळतील, विमाने भरतील, ही आशा. प्रत्यक्षात आणखी एक तोटा पदरात पडला.

आता आपल्या व्यवसायाचे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. सहल कंपनीकडे पैसा येतो तो सहलीच्या आधी. प्रवासी बुकिंगच्या वेळी अनामत भरतो, निघण्याच्या काही आठवडे आधी उरलेली सगळी रक्कम भरतो. हॉटेलवाल्याचे आणि इंधनवाल्याचे पैसे कंपनी नंतर चुकवते. म्हणून मे-जूनमध्ये कंपनीच्या खात्यात भरपूर पैसा दिसतो. तो तिचा नसतो. तो अजून न झालेल्या सहलींचा असतो. या पैशातून गेल्या हिवाळ्याची देणी भागवली, विमानांचे हप्ते दिले, की चाक फिरत राहते, आणि पुढच्या वर्षीची बुकिंग येतील तोवर कोणाला काही कळत नाही. ऑगस्टमध्ये मात्र सगळ्या उन्हाळी सहलींचे पैसे येऊन गेलेले असतात, नवे येणे थांबते आणि देणी दारात उभी राहतात.

जून १९७४ मध्ये कोर्ट लाइन अडचणीत असल्याचे बाहेर फुटले. कंपनीने सरकारकडे मदत मागितली. नुकत्याच सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारला संडरलंडच्या हजारो नोकऱ्यांची काळजी होती. २६ जून रोजी उद्योगमंत्री टोनी बेन यांनी संसदेत सांगितले की सरकार कंपनीचे जहाजबांधणीचे कारखाने विकत घेईल, आणि त्यातून या उन्हाळ्याच्या सहलींची परिस्थितीही स्थिर व्हावी. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की सुट्टी सुरक्षित आहे. ज्यांनी उरलेली रक्कम भरणे लांबवले होते त्यांनी ती भरली. काहींनी नवीन बुकिंगही केले. कारखान्यांसाठी सरकारने जी किंमत ठरवली ती सुमारे १६ दशलक्ष पौंड. ती कंपनीला तारायला पुरेशी नव्हती.

१५ ऑगस्टला, गुरुवारी, भर हंगामात, कोर्ट लाइनने कामकाज थांबवत असल्याचे जाहीर केले. क्लार्कसन्स आणि होरायझन तिच्यासोबत गेल्या. त्या क्षणी या कंपन्यांचे चाळीस ते पन्नास हजार प्रवासी परदेशात होते. कोणी पाल्मात, कोणी ग्रीसच्या बेटांवर. काही हॉटेलवाल्यांना आधीच्या आठवड्यांचेच पैसे मिळालेले नव्हते. दुसऱ्या दिवशी निघायचे म्हणून सामान बांधून बसलेली कुटुंबे घरीच राहिली. ल्यूटनला ज्यांच्या हातात त्या दिवशी काम होते, त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी नव्हते. रंगीत विमाने हँगरच्या बाहेर रांगेत उभी राहिली आणि अवसायक येऊन त्यांची मोजदाद करू लागले.

अडकलेल्या माणसांना परत आणण्याचे काम मोठ्या सहल कंपन्यांच्या संघटनेने केले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. या संघटनेने सभासदांकडून हमीची रक्कम आधीच घेऊन ठेवली होती. कोर्ट लाइनशी कालपर्यंत दराच्या लढाया करणाऱ्या कंपन्यांनी आपली विमाने दिली आणि हमीच्या पैशातून जवळजवळ सगळे प्रवासी घरी आले. व्यवसायाने व्यवसायाची लाज राखली. पण हमीची रक्कम तिथेच संपली. जे अजून निघालेलेच नव्हते, ज्यांचे पैसे भरून झाले होते आणि सहल झाली नव्हती, अशा लाखाहून अधिक माणसांना द्यायला काहीच उरले नाही. वर्षभर साठवलेला पैसा, एक उन्हाळा, काहींचा मधुचंद्र. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी कायदा करावा लागला. १९७५ च्या कायद्याने हवाई प्रवास राखीव निधी उभा राहिला. सरकारने आधी कर्जाऊ पैसे घातले आणि पुढची दोन-अडीच वर्षे प्रत्येक सहलीच्या किमतीवर छोटी आकारणी करून ते परत उभे केले. कोर्ट लाइनच्या गिऱ्हाइकांना त्यातून भरपाई मिळाली. नंतर सहलीला गेलेल्या माणसांनी आधी फसलेल्या माणसांचे पैसे फेडले, असे हे झाले.

संसदेच्या लोकायुक्तांनी १९७५ मध्ये चौकशीचा अहवाल दिला. मंत्र्याच्या आश्वासनाने लोकांचा जो समज झाला त्याची काही जबाबदारी सरकारवर येते, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारने तो मानला नाही. बेन यांचा हेतू वाईट नव्हता, असे मला वाटते. कारखाने वाचवण्याच्या घाईत त्यांनी प्रवाशांविषयी जे वाक्य उच्चारले त्याचे वजन त्यांच्या लक्षात आले नाही. मंत्र्याचे वाक्य म्हणजे अनेकांच्या लेखी सरकारी हमीच असते, आणि म्हणून ते उच्चारण्याआधी वह्या तपासायच्या असतात.

मागे राहिलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले ते थोडक्यात. दोन्ही ट्रायस्टार काही काळ उभी राहून हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिककडे गेली आणि तिथे चांगली वर्षे उडाली. वन-इलेव्हन वेगवेगळ्या कंपन्यांत वाटली गेली. लिआट कॅरिबियनमधल्या ११ सरकारांनी मिळून ताब्यात घेतली आणि ती 'लिआट (१९७४)' या नावाने २०२४ च्या जानेवारीपर्यंत चालली. होरायझन हे नाव पुढेही चालत राहिले. ल्यूटन विमानतळाला सावरायला मात्र अनेक वर्षे लागली. ब्रिटनमध्ये आज विमानाची सहल विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला परवाना घ्यावा लागतो आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड राखीव निधीत भरावे लागतात. परवान्याची सुरुवात कोर्ट लाइन बुडण्याआधीच झाली होती, त्यामागे निधी उभा राहिला तो तिच्यामुळे.

ल्यूटनची तिसरी कंपनी मोनार्क आपल्या ओळखीची आहे. गोव्यात चार्टर विमाने सुरू झाली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पहिले जर्मनीच्या कोंडोरचे. त्यानंतर ब्रिटनमधून येणाऱ्या सहल विमानांत मोनार्कची विमाने बरीच वर्षे दाबोळीला उतरली. कळंगुट-कांदोळीच्या कित्येक छोट्या हॉटेलांचा, शॅकवाल्यांचा आणि टॅक्सीवाल्यांचा हंगाम या विमानांवर बेतलेला असे. मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद पडली, तेव्हा तिचे सुमारे १ लाख १० हजार प्रवासी परदेशात होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कुक गेली, गोव्याचा हंगाम सुरू होण्याच्या ऐन तोंडावर. भारतातली थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची असल्याने तिला धक्का लागला नाही, पण गोव्यातल्या हॉटेलवाल्यांची येणी अडकली आणि खोल्या रिकाम्या राहिल्या. दोन्ही तारखा पाहा. उन्हाळी हंगाम संपत आलेला किंवा नुकताच संपलेला, प्रवाशांचे पैसे येऊन गेलेले, देणी उभी राहिलेली. कोर्ट लाइनच्या वेळी ऑगस्ट होता, इतकाच फरक. ब्रिटिश प्रवासी राखीव निधी आणि सरकारने भाड्याने घेतलेल्या विमानांच्या जोरावर घरी पोहोचले. गोव्यातल्या हॉटेलवाल्याच्या मागे मात्र असा कोणताही निधी नव्हता.

आपल्याकडेही दिवाळी आणि मे महिन्याच्या सहलींचे पैसे महिनोन् महिने आधी भरले जातात. त्यात निवृत्तीचे पैसे असतात, मुलीच्या लग्नाआधीची शेवटची कौटुंबिक सहल असते, आईवडिलांना दाखवायचा युरोप असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या सर्व सभासदांना विनंती आहे. प्रवाशाची आगाऊ रक्कम सहल पूर्ण होईपर्यंत वेगळ्या बँक खात्यात ठेवा, त्यातून कार्यालयाचे भाडे, मागच्या हंगामाची देणी किंवा पुढच्या हंगामाची जाहिरात भागवू नका, आणि पैसे कोणत्या खात्यात आहेत हे प्रवाशाच्या पावतीवर छापा. संघटनेने सभासदांकडून हमीची रक्कम घेण्याचा विषयही येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा.